रिकाम्या रायफलीची शिदोरी

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व दरवाजापासून सुमारे ८० किलोमीटरांवर कोडी नावाचे एक छोटेसे गाव आहे. विल्यम कोडी ऊर्फ ‘बफेलो बिल’ या शिकाऱ्याने आपल्या साथीदारांसह ते १८९६ साली वसवले. जवळून वाहणारी शोशोनी नदी, भोवती उघडेबोडके डोंगर आणि वर अफाट आकाश, असा इथला थाट. डेन्व्हरला मुलीकडे गेलो असता जावईबापूंनी मोटारीने हा दिवसभराचा प्रवास घडवला. येलोस्टोनचे उष्णोदकाचे फवारे पाहावेत हा आमचा मूळ हेतू. परंतु मनात घर करून राहिले ते कोडीचे शस्त्रसंग्रहालय.

न्यू हेवनच्या विंचेस्टर कंपनीने जमवलेला बंदुकांचा संग्रह येथे नांदतो. त्यात माझे लक्ष वेधले ते तरफेच्या रायफलींनी. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर उडते. कडी वर घेतली की नवे काडतूस नळीत जाऊन बसते. १८७३ च्या प्रसिद्ध नमुन्याच्या सात लाखांहून अधिक रायफली निघाल्या.

याच वास्तूत मैदानी आदिवासींच्या जीवनाचे स्वतंत्र दालन आहे, हे बरे आहे. बंदुकांच्या चकाकीने दिपलेले डोळे तिथे जमिनीवर येतात. ज्या रानगव्यांवर त्या लोकांचे अन्न, वस्त्र आणि निवारा अवलंबून होता, त्यांचे कोट्यवधींचे कळप १८८० च्या दशकाअखेर हजाराच्या आसपास उरले. कातड्यांसाठी गवे मारणारे शिकारी बहुधा एकबारी बंदुका वापरीत आणि रात्री तळावर, वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून ठेवीत. पितळेची पुंगळी हा काडतुसातला महाग भाग. दारू, शिसे आणि ठिणगी देणाऱ्या टोप्या मात्र गाडीतून नेता येत. हाताच्या कौशल्याला स्वतःची नीती नसते, ती हाताच्या धन्यापाशी असावी लागते.

कोडीतच एक विलक्षण हकिगत कळली. नोव्हेंबर २०१४ मध्ये नेवाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात, जुनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली १८७३ नमुन्याची एक रायफल सापडली. लाकूड उन्हापावसाने पांढरे पडलेले, दस्ता मातीत रुतलेला. जतनासाठी ती कोडीला आणली गेली. विंचेस्टरच्या दप्तरावरून ती १८८२ साली बनल्याचे समजले. ती कोणाची, हे मात्र समजले नाही. गावच्या रुग्णालयात तिची क्ष-किरण तपासणी झाली. नळीत काही नव्हते. पण दस्त्यातल्या पोकळीत, जिथे साफसफाईची सळई ठेवायची तिथे, १८८७ ते १९११ या काळातले एक काडतूस निघाले. वाटसरूने पदराच्या गाठीला शिदोरीचा शेवटचा घास राखावा, तसे ते मला वाटले.

रायफल शंभर वर्षे टिकते. तिची शिदोरी कोण पुरवणार? कारखाने जुन्या मापांची काडतुसे काढेनासे झाले की चांगली रायफलसुद्धा खुंटीवर जाते. याचे उत्तर डेन्व्हरला परतल्यावर मुलीच्या शेजाऱ्यांकडे मिळाले. हे निवृत्त गृहस्थ आपल्या पणजोबांची १८८६ नमुन्याची रायफल आजही चालवतात. तिचे माप ‘४०-६५’: नळीचा व्यास इंचाचे ४० शतांश आणि काळी दारू ६५ ग्रेन. आपल्याकडे तोळ्याचे १८० ग्रेन धरीत, म्हणजे ग्रेन हा साधारण अर्ध्या गुंजेचा. हे काडतूस आज सहजी मिळत नाही. म्हणून ते ‘४५-७०’ या अद्याप निघणाऱ्या काडतुसाची पुंगळी साच्यात दाबून बारीक करतात.

त्यांच्या बाकावर सोनाराच्या दुकानातली शिस्त होती. जुनी टोपी काढणे, पुंगळी धुणे, लांबी मोजणे, नवी टोपी बसवणे, काट्यावर दारू तोलणे, गोळी बसवून पुंगळीचे तोंड आवळणे. एकही पायरी घाईत नाही. भिंतीवर अडकित्त्यासारखे एक लोखंडी हत्यार टांगलेले होते. न्यू हेवनचे जॉन बार्लो यांच्या ‘आयडियल’ कंपनीने १८८४ पासून अशी हत्यारे विकली. त्याच्या बळावर दूरदूरच्या कुरणांतले लोक घरीच काडतुसे भरीत.

या कामातला धोका त्यांनी समजावून सांगितला. काळी दारू पुंगळी भरून टाकते, तीत दुप्पट मावतच नाही. नवी धूरविरहित दारू जागा थोडी व्यापते, म्हणून चुकून दोनदा पडली तरी दिसत नाही; आणि मग नळी फुटून हात, डोळा, सारेच जाऊ शकते. म्हणून प्रत्येक पुंगळीत दिवा धरून पाहायचे, बाकावर एका वेळी एकच दारू ठेवायची. गोळीचे टोक चपटे हवे, कारण नळीखालच्या कोठ्यात काडतुसे एकामागे एक निजतात आणि मागच्याचे टोकदार नाक झटक्याने पुढच्याच्या टोपीवर आदळू शकते. शिवाय जॉन ब्राउनिंग यांच्या १८८६ च्या रचनेची पकड १८७३ च्या नमुन्याहून कितीतरी भक्कम असली, तरी पोलाद शेवटी जुनेच. तिला झेपेल तेवढेच भरायचे, हा त्यांचा कुळाचार.

प्रत्येक काडतुसाची नोंद ते एका वहीत करतात: तारीख, दारू, वजन, नेम कसा लागला. अक्षर मोठे आणि स्वच्छ. मी त्याचे कौतुक केले तेव्हा ते म्हणाले की मुलांना या छंदात रस नाही. रायफल कोणा परक्या हाती जाईल. म्हणूनच अक्षर स्वच्छ हवे, आणि वही रायफलीबरोबरच द्यायची, असे घरात सांगून ठेवले आहे. वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईने, दारूचे कधीही ओलांडू नये असे वजन लिहिलेले होते.