शेंद्र्याहून पितळखोऱ्याला : आपली गाडी, आपले पाणी

महसुलाच्या जुन्या कागदांत एक शब्द असतो : बेचिराख. गावाला शिवार आहे, शेतसारा आहे, पण रात्री एकही दिवा लागत नाही, असे ते बेचिराख गाव. मराठवाड्याच्या आडरस्त्यांवर अशा पांढऱ्या भेटतात. अशा ओसाड जागा एकट्याने गाडी हाकत पाहायच्या आणि दिवस मावळेल तिथे मुक्काम ठोकायचा, हा छंद आम्हाला काही वर्षांपासून जडला आहे. (आम्ही म्हणजे एकटेच. 'आम्ही' ही लिहिण्याची सवय.) अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात लोक जीपमध्ये पाणी आणि पेट्रोल भरून बंद पडलेल्या खाणी, गुरांचे सोडून दिलेले वाडे पाहत आठवडेच्या आठवडे हिंडतात म्हणे. आपल्याकडे चांदीच्या खाणी नाहीत. आपल्याकडे काळा कातळ आहे, आणि तो कोरून, त्यात शतकानुशतके राहून, मग सोडून दिलेले विहार आहेत.

आमचे बिऱ्हाड शेंद्र्याला. जालना रस्त्यावरचे हे गाव पूर्वी ज्वारी-बाजरीचे आणि चैत्र पौर्णिमेनंतरच्या मांगीरबाबाच्या यात्रेचे. नवस फेडायला पाठीत गळ टोचून घेण्याची तिथली प्रथा वाचकांना ठाऊक असेल. तिच्याबद्दल आमचे मत वेगळे सांगायला नको. पुढे एम.आय.डी.सी. आली. 2001 साली स्कोडाच्या मोटारी इथे तयार होऊ लागल्या, 2019 साली ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीचे उद्घाटन झाले. आता पहाटे पाचला कंपन्यांच्या बसगाड्यांचे दिवे दिसतात. आमची प्रवासाची वेळही तीच. रात्रपाळी सुटायच्या आत शहर ओलांडले की पुढे रस्ता आपला.

सामान थोडेच, पण मोजून. हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना, टोचनदोर, बॅटरी, स्टोव्ह, पीठ-मीठ, एक ताडपत्री आणि दोन वीस लिटरचे पाण्याचे कॅन. घरातले विचारतात, वाटेत पाणी मिळत नाही का? मिळते. पण पाणी घरून न्यायचे हा आमच्या वडिलांचा नियम होता, त्यांच्या वडिलांचाही होता, आणि तो उन्हाळ्यामुळे पडलेला नव्हता.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली पुस्तिका म्हणून छापले. ते पुन्हा वाचून पाहा. त्यातले कितीतरी प्रसंग प्रवासातले आहेत. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी ठरते ते असे की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडतो. डब्यात भाकरी आहे, पाणी मात्र कुणी देत नाही. दहा वर्षांच्या आतबाहेरच्या पोराच्या हातात कासरा होता, तो हौसेने आलेला नव्हता. आमच्या हातात स्टिअरिंग आहे ते हौसेने आले, एवढे ध्यानात ठेवून आम्ही किल्ली फिरवतो.

चिकलठाणा, क्रांती चौक, नगरनाका. डाव्या-उजव्या अंगाला झोपलेले शहर. 1950 साली बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय सुरू केले, त्याचे नागसेनवन जवळच आहे. छावणी मागे टाकली की पडेगाव, आणि मग उजाडता उजाडता देवगिरीचा डोंगर समोर येतो.

दौलताबाद हीदेखील एक सोडून दिलेली राजधानीच. महंमद तुघलकाने 1327 साली दिल्लीची माणसे इथे आणून वसवली आणि काही वर्षांत परत नेली. तटामागून तट, मध्ये नुसती झुडपे. पर्यटक मिनारापाशी फोटो काढतात आणि भुयाराकडे पळतात. आम्ही मात्र प्रत्येक वेळी दरवाजाबाहेरच थांबतो.

1934 साली बाबासाहेब आणि चळवळीतले तीसेक सहकारी मोटारीने वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. इथे पोचले ते रमजानच्या महिन्यात. वाटेच्या धुळीने सगळे माखलेले. दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेले एक टाके होते, भोवती फरसबंदी. काहींनी तिथे हात-तोंड धुतले. आत पाऊल टाकतात तोच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत मागून आला : यांनी टाके बाटवले! बघता बघता जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. निजामाचे राज्य, बाटवले म्हणणारे मुसलमान. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? आमच्यातला कुणी मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यावरून हटकाल का? जमाव गप्प झाला. मग किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठल्याही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि शिवू नये म्हणून बरोबर बंदूकधारी शिपाई दिला गेला.

किल्ल्यात हत्ती हौद आहे, केवढा तरी मोठा. मार्गदर्शक त्याचे माप तोंडपाठ सांगतात. दरवाजाबाहेरच्या त्या टाक्याबद्दल एक अक्षर कुणी बोलत नाही. दोन ओळींची पाटी लावायला कितीसा खर्च येतो?

वेरूळ, कन्नड हा रस्ता सगळ्यांच्या परिचयाचा, त्यावर शाई घालवत नाही. कन्नडच्या पुढे आम्ही डांबरी सोडतो. गाडीवाटेने जाताना गिअर दुसरा, एक्सलेटर बेताचा. मोठा धोंडा दिसला तर उतरून पाहायचे. एकट्याला मागून ढकलणारा कुणी नसतो. ओढ्यात वाळू असेल तर आधी चालून जायचे, टाच रुतली तर चाकही रुतेल.

दुपार कलताना एका उजाड पांढरीपाशी थांबलो. आजूबाजूच्या काळ्या रानात राखी-पांढऱ्या मातीचे टेकाड दुरूनही ओळखू येते. वर खापरे, जात्याचा तुटका तळ, बाभळी. पाटलाच्या गढीचा एक बुरूज अजून पुरुषभर उभा आहे. मारुतीचा ओटा आहे. गावकुसाचे दगड हाताला लागतात. आम्ही कुसाबाहेर गेलो, आपली माणसे राहत असतील त्या अंगाला. तिथे काहीच नाही. गढी चिऱ्यांची, आमची घरे कुडाची. माती मातीत मिसळली. कुणी अभ्यासक इथे आला तर त्याला वाटेल, बाहेर कुणी राहतच नव्हते. हे टेकाड पाहायला आम्ही एवढ्या लांब येतो ते बुरुजासाठी नव्हे.

मुक्काम गौताळा अभयारण्याच्या हद्दीबाहेर करायचा, हे पक्के. आत वनखात्याच्या परवानगीशिवाय थांबता येत नाही, आणि जंगलात बिबट्या आहे. 2021 साली तर विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात दिसला होता. एका शेताच्या बांधावर म्हातारेबुवा बसले होते. रामराम केला, रात्रीपुरती गाडी लावू का म्हणून विचारले.

"कोन्या गावचे?"

शेंद्र्याचे, म्हणालो.

"आडनाव काय म्हनले?"

हा प्रश्न येतोच. कंपनीच्या गेटवर येतो, भाड्याची खोली बघताना येतो. आम्ही आडनाव सांगितले, लपवायचे कारण नव्हते. बुवांनी आमच्याकडे पाहिले, मग गाडीतल्या कॅनकडे पाहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. विडी विझवून उठले.

"लाईट हाय तवर मोटार लावतो. भरून घ्या. सकाळी नसती."

कॅन भरलेलेच होते. तरी आम्ही एक अर्धा रिकामा केला आणि त्यांच्या विहिरीच्या पाण्याने भरला. रात्री ताडपत्रीखाली पडल्या पडल्या फार वेळ जागे होतो. बुवांचा अबोला कशाचा होता, याचा उलगडा काही झाला नाही. माणूस थकलेलाही असू शकतो.

सकाळी पितळखोरे. अजिंठ्याची गर्दी इथे नाही. शेकडो पायऱ्या खोल दरीत उतरतात, खाली ओढा, त्यापलीकडे कातळात लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले हे काम, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीचे. दगड मात्र ठिसूळ. दर्शनी भाग कोसळला, छत गेले, कित्येक खांब अर्धे उरले. चैत्यगृहाच्या उरलेल्या खांबांवर फिकट रंगात बुद्ध अजून उभे आहेत. ते रंगवणारे हात चैत्य कोरणाऱ्यांपेक्षा काही शतके नंतरचे. शेजारच्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग. डोंगरावरचे पाणी काढून देण्यासाठी कोरलेली पन्हळ आणि तिच्या तोंडाशी पाच फण्यांचा नाग पाहून आम्हाला त्या पाथरवटाचे फार कौतुक वाटले. नळकाम करणाऱ्याला इतकी नजर असावी!

आणि नावे. चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. पैठणचा मितदेव, व्यवसायाने गांधिक, म्हणजे अत्तर-सुगंधी विकणारा. पैठणचेच संघकाचे पुत्र. विहारात मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरच्यांची नावे. इथे सापडलेला, डोक्यावर पात्र धरून हसणारा बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव त्याच्या हातावरच कोरलेले आहे. कान्हेरी-जुन्नरच्या लेखांत तर पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हणतात आणि ती कुणी दान दिली ते लिहून ठेवतात. नाशिकच्या पांडवलेण्यात एक लेणे मुगुदास नावाच्या कोळ्याचे दान आहे. भिक्खू गेले, वाट मोडली, छत पडले. कोळ्याचे आणि सोनाराचे नाव दोन हजार वर्षे राहिले. आदल्या दिवशीच्या पांढरीवर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या आमच्या माणसांचे एक खापरही ओळखून काढता आले नव्हते. ओढ्याच्या काठी बसून आम्ही भाकरी खाल्ली. वरून घार फिरत होती.

परतण्याआधी औट्रम घाटाच्या माथ्यावर जातोच. हे नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे, ज्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. 2021 च्या पावसात इथे मोठ्या दरडी कोसळल्या होत्या. खाली सपाटीवर चाळीसगाव दिसते. 1929 साली सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात फिरत असताना बाबासाहेब तिथे उतरले. टांगेवाल्यांनी महाराला न्यायला नकार दिला. तेव्हा वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपलाच एक माणूस बसवला, ज्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. नदीवरच्या मोरीपाशी चाक अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा-टांगा नदीत गेला. लोकांनी हे केले ते त्यांचा मान राहावा म्हणून. मानाने न्यायचे, पण गाडी हाकता येणारा माणूस आपल्यात नाही! घाटमाथ्यावर उभे राहिले की त्या अनोळखी हाकणाऱ्याची आम्हाला फार आठवण येते. त्याचे नाव कुठेच कोरलेले नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी दिवाळी ते होळी हा काळ धरावा. नंतर कातळ तापतो. शेंद्र्याहून अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. डिझेल कन्नडला भरून घ्यावे, तिथून चाळीसगाव रस्त्याने जाऊन काळीमठच्या बाजूला वळावे. लेण्यांतून सूर्यास्ताच्या आत बाहेर यावे लागते. खांबांना हात लावू नये, जाळ करू नये. एकटे निघणाऱ्याने कुठल्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार ते घरी कागदावर लिहून ठेवावे. दरीत मोबाईलला रेंज नसते.