रिपोर्टवर नसलेलं नाव

माझी अँजिओप्लास्टी ज्यांनी केली, त्या डॉक्टरांचं नाव आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. दिवाळीत त्यांच्याकडे फराळाचा डबा जातो आणि तो जायलाच हवा. पण स्टेंट बसल्यानंतर मला पुन्हा चालतं केलं ते टीएमटीच्या, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासण्याच्या, खोलीतल्या एका मुलीनं. रिपोर्टवर तिचं नाव नाही. वर नाव माझं, खाली सही डॉक्टरांची आणि मधे पानभर ईसीजीच्या रेघा. तिचं माझ्यावरचं ऋण कुठेच नोंदलेलं नाही, म्हणून ते मी इथे नोंदवते आहे.

आम्ही डोंबिवलीत एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. माझं दुखणं सुरू झालं ते जबड्यात आणि पाठीत. छातीत जेमतेम जडपणा. बायकांच्या बाबतीत असं पुष्कळदा होतं, हे मला नंतर कळलं. हृदयाच्या पुढच्या बाजूनं उतरणारी रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली होती. तिच्यात एक स्टेंट बसला. आमच्या नात्यातल्या एकांना काही वर्षं आधी एवढ्यासाठी लाखाच्या पुढे मोजावे लागले होते. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारनं औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली, त्याचा फायदा आमच्यासारख्या घरांना झाला. हेही एक ऋणच.

हॉस्पिटलातून घरी आले आणि सगळे मला जपायला लागले. सून भाजी आणायची, मुलगा दूध आणायचा, हे गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे. मी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणंच सोडलं. तपासणीला जाऊन परतताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम लागायचा आणि कानात ठोके ऐकू यायचे. तो दम हृदयाचा, भीतीचा, की बसून बसून कमजोर झालेल्या पायांचा, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. स्टेंट पुन्हा बंद होत असेल का, हा प्रश्न मी कुणाला विचारत नव्हते आणि रात्री तोच घेऊन पडून राहत होते.

असेच काही महिने गेल्यावर डॉक्टरांना दमाचं सांगितलं. त्यांनी ईसीजी काढला. तो नीट होता. म्हणाले, "हा झोपलेल्या माणसाचा ईसीजी. आराम करताना हृदयाला रक्त कमी लागतं, म्हणून अरुंद नळीसुद्धा निभावून नेते. त्याला कामाला लावलं की खरं कळतं. आपण स्ट्रेस टेस्ट, म्हणजे टीएमटी, करू." नाडी दाबून ठेवणारी एक गोळी त्यांनी चाचणीआधी थांबवायला सांगितली, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत, हे कागदावर अधोरेखित करून दिलं. स्टेंट बसवलेल्या प्रत्येकानं हा फरक लक्षात ठेवावा. कोणती गोळी थांबवायची, हे ठरवणं डॉक्टरांचं काम.

त्या खोलीत मी सुनेचे बूट घालून गेले. ती मुलगी पंचविशीची असेल. संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता. तो तिनं सहीसाठी नुसता पुढे सरकवला नाही; शेजारी बसून मराठीत सांगितला. चालताना काय होऊ शकतं, ते झालं तर काय करतात, शॉक द्यायचं मशीन कुठे आहे आणि डॉक्टर याच खोलीत का बसतात, सगळं. अमेरिकेत 1971 साली सुमारे 1,70,000 चाचण्यांचा आढावा निघाला, त्यात दहा हजार चाचण्यांमागे एक मृत्यू आढळला होता. असा आकडा एरवी धडकी भरवतो. तिनं मशीन दाखवल्यावर मी सही करताना हात थरथरला नाही.

मग तिनं त्वचा स्पिरिटनं पुसली, खरखरीत कापडानं किंचित घासली आणि छातीपोटावर दहा ठिकाणी चिकट्या लावून त्यांना तारा जोडल्या. एवढं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की बुटाची नाडी सुटली आहे. तारांमुळे मला वाकता येईना. मी काही बोलायच्या आत ती खाली बसली आणि दोन्ही नाड्या दुहेरी गाठ मारून बांधल्या. "अगं, राहू दे," म्हटलं, तर म्हणाली, "काकू, पट्ट्यावर नाडी अडकली तर तुमच्या हृदयाआधी गुडघा फुटेल." आईच्या शेवटच्या आजारात मी तिची पावलं चेपून द्यायचे. त्यानंतर एवढ्या आपुलकीनं पावलांशी बसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

पट्टा सुटला. पहिल्या टप्प्यात वेग ताशी 2.7 किलोमीटर आणि चढ 10 टक्के. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो, चढही वाढतो: दुसऱ्या टप्प्यात 4 किलोमीटर आणि 12 टक्के, तिसऱ्यात साधारण साडेपाच आणि 14. हे टप्पे सिअ‍ॅटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी 1963 साली मांडले. त्याआधी मास्टर नावाच्या डॉक्टरांची 1929 पासूनची दोन पायऱ्यांची चाचणी होती. रुग्णानं पायऱ्या चढायच्या-उतरायच्या आणि ईसीजी काढायचा तो चढउतार संपल्यावर. चालत्या माणसाचं हृदय चालतानाच वाचायचं, तेही सोप्यापासून सुरू करून, ही शिस्त ब्रूसनी घालून दिली. सिअ‍ॅटलमधल्या एका माणसानं ठरवलेले आकडे आज डोंबिवलीतल्या बाईच्या पायाखाली तसेच्या तसे सरकतात. ब्रूस 2004 साली गेले. त्यांचंही ऋण मी मानते.

सुरुवातीला मी दांडा घट्ट धरला होता. ती म्हणाली, "लटकायचं नाही. बोटं नुसती टेकवा. धरून चाललात तर मशीनला वाटेल तुम्ही खूप चाललात." तिची नजर पडद्यावर होती आणि एक हात माझ्या पाठीमागे, पाठीला न लागता. प्रत्येक टप्प्यात रक्तदाब घेऊन ती आकडा मोठ्यानं सांगायची. दुसऱ्या टप्प्यात माझा श्वास वाढला; जिन्याच्या वळणावर लागायचा तोच दम. मी घाबरले, ते तिनं ओळखलं. "कुठे काही होतंय? छातीत? जबड्यात?"

जबडा! म्हणजे तिनं माझी फाइल वाचली होती. रोज रांगेनं माणसं चालवणाऱ्या मुलीनं माझं दुखणं कुठून सुरू झालं होतं, ते पाहून ठेवलं होतं. मी मान हलवली. काही होत नव्हतं, नुसता दम. "मग तो चालण्याचा दम आहे काकू. रेघ स्वच्छ आहे, बीपी जसं वाढायला हवं तसं वाढतंय. चला." त्या एका वाक्यानं माझ्या कितीतरी रात्रींचा प्रश्न सोडवला.

वय 58, म्हणजे 220 वजा 58. त्याच्या पंच्याऐंशी टक्के, म्हणून तिनं 138 ठोके आधीच लिहून ठेवले होते. तिसऱ्या टप्प्यात तेवढे झाले, तेही तिनं सांगितलं. पुढे पाय थकल्यावर मी थांबवायला सांगितलं. पट्टा थांबला तशी मी चाचणी संपली समजून तारांकडे हात नेला. तिनं तो हलकेच बाजूला केला. काहींच्या रेघेतला एसटी नावाचा भाग चालताना ठीक असतो आणि विसावा घेताना खाली झुकतो. म्हणून ठोके उतरेपर्यंत ती पडद्यासमोरून हलली नाही. बाहेर पुढचा रुग्ण ताटकळत होता, तरी घाई केली नाही.

रिपोर्टवर मेट नावाचं एक माप असतं. स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारा ऑक्सिजन म्हणजे एक मेट. सावकाश जिना चढायला साधारण चार लागतात. माझे आठच्या पुढे गेले होते. डॉक्टर म्हणाले, बायकांमध्ये ही रेघ कधीकधी नसलेला दोषही दाखवते, तसं झालं असतं तर स्ट्रेस इको, म्हणजे श्रमाच्या वेळची हृदयाची सोनोग्राफी, केला असता. त्याची गरज नाही. "रोज चाला. जिने चढा." त्या दिवशी मी तिन्ही मजले एकटी चढले. मुलगा मागून येत होता, त्याला मी हात लावू दिला नाही.

वर्षभरानं मी आपणहून पुन्हा चाचणी मागितली. डॉक्टरांनी नाही म्हटलं. तक्रार नाही, चालणं नीट आहे, मग उगाच नको. दक्षिण कोरियात स्टेंट बसवलेल्या 1,706 जोखमीच्या रुग्णांपैकी निम्म्यांची वर्षानं स्ट्रेस टेस्ट केली, निम्म्यांची केली नाही. 2022 साली निकाल आले, तेव्हा दोन वर्षांनंतर मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि पुन्हा भरती होणं यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं. पैसे घेऊन चाचणी करून देणं सोपं होतं. त्या नकाराबद्दल मी त्यांची दुप्पट ऋणी आहे.

आणि ऋण हृदयाच्या अँजिओप्लास्टीची सुरुवात करणाऱ्या झ्युरिकच्या आंद्रेआस ग्रुंटझिग यांचंही. फुग्याच्या पहिल्या नळ्या त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवल्या आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी पहिल्यांदा एका जागत्या माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी फुग्यानं उघडली. तो माणूस, अडोल्फ बाखमन, तेव्हा 38 वर्षांचा होता. ग्रुंटझिग 1985 साली विमान अपघातात गेले. बाखमन यांची ती रक्तवाहिनी दहा वर्षांनी तपासली तेव्हाही उघडी होती.

त्या मुलीला भेटायला मी मिठाई घेऊन गेले, तर ती दुसरीकडे नोकरीला लागली होती. कुठे, ते सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून तिला सांगायचं ते आता तुम्हाला सांगते. स्टेंटनंतर दम, जडपणा, जबड्यात किंवा पाठीत दुखणं असं काहीही वाटलं, तर ते मनात ठेवू नका, डॉक्टरांना सांगा. त्यांनी टीएमटी सांगितली तर जा. पट्ट्यावर जे होईल ते लगेच बोला; शेजारी उभं असलेलं माणूस ते ऐकायलाच उभं असतं. आणि निघताना त्या माणसाचं नाव विचारून घ्या.