लेकीची वही

आमच्या नेवासा तालुक्यात कुणाची पोरगी बाहेरगावी शिकायला गेली की लोक दोनच गोष्टी विचारतात. शिक्षण किती वर्षांचं, आणि पगार किती पडणार. थोरली बी.ए. होऊन बेंगळुरूला बी.डी. करायला गेली तेव्हा पहिल्याचं उत्तर मी छाती फुगवून दिलं, चार वर्षं. दुसऱ्याचं आजपर्यंत देता आलेलं नाही. बी.डी. म्हणजे पाळक व्हायचं शिक्षण. ते संपतंय न संपतंय तोच तिचा फोन आला, "पप्पा, अजून दोन वर्षं. एम.टीएच." कशातलं, तर पास्टोरल काउन्सेलिंग.

पारावर हा शब्द कसा सांगायचा? मी समुपदेशन म्हणालो. तर एकजण म्हणाला, "म्हंजे उपदेशच ना? त्याला दोन वर्षं कशाला घालवायची? तू तर फुकट करतोस की."

सगळे हसले, मीपण हसलो. त्याचं काही खोटं नव्हतं. मी दहावी झालेला, मंडळीच्या कमिटीवर वीसेक वर्षं. कुणाचं नवरा-बायकोचं बिनसलं, कुणाचं पोरगं दारूला लागलं, की लोक माझ्याकडं यायचे आणि मी त्यांना शास्त्रातलं एखादं वचन आणि वर दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगून वाटेला लावायचो. आपल्याला हे जमतं असं मला वाटायचं.

मे महिन्यात पोरगी सुट्टीवर आली तेव्हा मी तिला हा किस्सा सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "पप्पा, आमच्या विषयाला मराठीत हा शब्द कुणी दिला कुणास ठाऊक. आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतात की उपदेश करायचा नाही, आणि शब्दाच्या पोटातच उपदेश बसलाय." आम्हा ख्रिस्ती लोकांची तर आणखी पंचाईत. रविवारी पाळकसाहेब उभं राहून जे सांगतात त्यालाच आम्ही उपदेश म्हणतो. मग देवळात उपदेश करायचा, आणि हॉस्पिटलात नाही करायचा, असं कसं? मी तिच्याशी यावर बराच वाद घातला. बैलगाडी हाकणारा आणि गाडीत बसलेला, दोघांनी गप्प बसलं तर गाडी कुठं जाईल? ती म्हणाली, "ज्याची गाडी आहे त्यालाच कळतं पप्पा कुठं जायचंय. तो सांगेपर्यंत थांबायचं."

एवढं शिक्षण कुठून निघालं ते मला जाणून घ्यायचं होतं. मला पहिल्यापासून मूळ शोधायची खोड आहे. ती संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायची, मी ऐकायचो. तिची डिग्री सेरामपूरच्या सिनेटची. बंगालमधलं ते कॉलेज १८१८ सालचं. काढणाऱ्यांत विल्यम कॅरी होता. तो इंग्लंडात जोडे शिवायचा. त्याच कॅरीनं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं हे मला माहीत होतं, ते मी तिला सांगितलं. तेवढ्यापुरता मी गुरू झालो.

पण हे दुखणेकऱ्याच्या खाटेजवळ बसून शिकायचं शास्त्र अमेरिकेतलं. अँटन बॉयसन नावाचा एक पाळक होता. त्याचं स्वतःचं डोकं १९२० साली बिघडलं, त्याला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवलं. बरा झाला, आणि पुढं वूस्टरच्या तसल्याच सरकारी दवाखान्यात तो चॅप्लेन म्हणून कामाला लागला. १९२५ साली त्यानं धर्मशास्त्राच्या पोरांना तिथं बोलावलं. पुस्तकं वाचता तशी ही माणसं वाचा, असं त्याचं म्हणणं. हे वूस्टर मॅसॅच्युसेट्स राज्यात. आमच्या नगरला १८३१ साली जी अमेरिकन मराठी मिशन आली तिचं मुख्य ऑफिस बोस्टनला, म्हणजे त्याच राज्यात. माझ्या पणज्याला शास्त्र तिथूनच मिळालं. बाकीचं यायला फार उशीर लागला, असं मी म्हणालो, तर ती म्हणाली, "हे लिहून ठेवते, निबंधात घालीन."

दुसरा कार्ल रॉजर्स. समोरच्याला रस्ता दाखवू नका, नीट ऐकून घ्या, असं सांगणारा. तो पोरसवदा वयात शेतावर राहिला आणि कॉलेजात तो आधी शेतकी शिकायला गेला होता. मग पाळक व्हायला निघाला, तेही सोडलं आणि मानसशास्त्राकडं वळला. शेतकी सोडली हे सोडून मला तो माणूस आवडला. शेतकऱ्याला एक गोष्ट कळते, कांद्याची पात ओढून कांदा मोठा होत नाही.

हे झालं इतिहासाचं. खरी गोष्ट वहीची आहे.

त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवतात. पोरगी दुखणेकऱ्याजवळ बसते, बोलते, आणि होस्टेलवर परत आल्यावर ते सगळं बोलणं आठवून शब्दाला शब्द लिहून काढते. त्याला व्हर्बेटिम म्हणतात. दुखणेकऱ्याचं वाक्य पी-एक, चॅप्लेनचं सी-एक, मग पी-दोन, सी-दोन. कोण किती वेळ गप्प होतं, कुणी खिडकीकडं बघितलं, तेही लिहायचं. मग शिकवणारे सर आणि बरोबरची पाच-सहा पोरं, कुणी मिझोरामचा, कुणी केरळची, मिळून त्या कागदाचा पंचनामा करतात. हे वाक्य का बोललीस? इथं विषय का बदललास? ती म्हणाली, पहिल्या महिन्यात दोनदा बाथरूममध्ये जाऊन रडले.

मी म्हणालो, वाचून दाखव की एखादं.

ती म्हणाली, "त्यांचं बोलणं वाचता येणार नाही. ते त्यांचं आहे. नाव बदललं तरी नाही." मी म्हणालो, मी कुठं बेंगळुरूला जाऊन सांगणार आहे? तरी नाही म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "माझी वाक्यं वाचते. ती माझी आहेत."

लिहिलेलं इंग्रजीत होतं. ती मराठी करत वाचायला लागली.

"नमस्कार, मी चॅप्लेनच्या ऑफिसातून आलेय." थांबली. समोरच्याचं बोलणं मनात वाचत असणार.

"किती दिवस झाले इथं?" थांबली.

"असं बोलू नका. देव तुमच्याबरोबर आहे." आता पुष्कळ वेळ थांबली. आत गाईनं शिंग दाव्याला घासलं तेवढाच आवाज.

"आपण प्रार्थना करू या का?"

झालं. चारच वाक्यं. तिसऱ्या वाक्याला सरांनी लाल शाईनं गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ही प्रार्थना कुणाची भीती घालवायला? ती म्हणाली, "माझीच पप्पा. त्या बाईंनी जे सांगितलं ते मला ऐकवत नव्हतं. म्हणून मी देवाला मध्ये आणलं."

मी काही बोललो नाही. जेवलोपण नाही नीट. मला त्या चार वाक्यांचा आवाज ओळखीचा वाटला होता. तो माझाच होता.

धाकट्या भावाबद्दल मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. भावजयीला विचारून लिहितोय. २०१६ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस नाही, विहिरीनं तळ दाखवलेला, कालव्याचं आवर्तन लांबलेलं, त्याचा दीड एकर ऊस उभा जळाला. सोसायटीचं कर्ज, पाइपलाइनचं कर्ज. बैलजोडी त्यानं चैत्रातच विकली. माझीपण हीच गत होती, पण माझ्याकडं दुधाचा पगार होता. एका संध्याकाळी तो बांधावर माझ्याजवळ येऊन बसला. त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. कसा गेला ते आमच्या भागात विचारावं लागत नाही.

मातीच्या दिवशी पाळक आले. त्यांनी दफन केलं, नाही असं नाही. पण विश्वास सोडणाऱ्याचं काय होतं यावर ते वीस मिनिटं बोलले, आणि भावजय पुढंच खाली बसलेली. त्यावेळी मला ते टोचलं, पण चूक वाटलं नाही. मी त्या जागी असतो तर दहा मिनिटं कमी बोललो असतो, एवढंच. पोरगी तेव्हा बी.ए.च्या मधल्या वर्षाला होती. ती काकूला धरून बसली होती.

तर त्या वाचनानंतर तिसऱ्या रात्री मी शंभर पानी वही घेतली, ज्यात मी खताचा हिशेब लिहितो ती. मागच्या पानावर लिहायला बसलो. सात वर्षं झाली होती, पण शब्द सगळे जागच्या जागी होते. पी म्हणजे धाकटा, सी म्हणजे मी.

पी-एक : दादा, झोप येईना रं.

सी-एक : दिवसभर राबल्यावर झोप न यायला काय झालं? तू इचार लई करतो.

पी-दोन : सोसायटीचा माणूस येऊन गेला.

सी-दोन : सगळ्यांकडंच येतो. तुझं एकट्याचं हाये का?

पी-तीन : पोरीचं कसं करावं कळंना.

सी-तीन : प्रभूवर टाक. तुझा इश्वास कमी पडतोय.

पी-चार : हां. (मग तो गप्प. विहिरीकडं बघत होता.)

सी-चार : येत्या रविवारी देवळात ये. दोन रविवार आला नाहीस.

पी-पाच : तंबाखू हाये का?

सी-पाच : सोड आता ती.

लिहायला पाऊण तास लागला. वाचलं तर प्रत्येक वेळी त्यानं दार उघडलेलं आणि मी ते लावलेलं. एकही वाक्य शिवीचं नाही, रागाचं नाही. सगळी चांगल्या माणसाची वाक्यं.

दुसऱ्या दिवशी रात्री मी वही तिच्या हातात दिली. आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो, लाइटची वाट बघत. आमच्याकडं शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. तिनं मोबाइलच्या उजेडात वाचलं. मोबाइल विझवला. बोलली नाही.

मी वाट बघत होतो. ती म्हणेल, पप्पा, तुमची काही चूक नाही. सात वर्षांत हे मला बायको म्हणाली होती, मेहुणा म्हणाला होता, डॉक्टर म्हणाले होते. तिनं म्हणावं असं मला वाटत होतं, कारण ती शिकलेली. ती म्हणाली नाही. शेवटी मला राग आला. "एवढी वर्षं शिकली, आता बोल की काहीतरी!"

ती म्हणाली, "मी तुमची समुपदेशक होऊ शकत नाही पप्पा. घरच्या माणसाचं करायचं नसतं. नियम आहे, आणि बरोबर आहे. ते माझे काका होते. मी इथं मुलगीच आहे." तिचा आवाज फुटला होता. मग तिनं नगरच्या एका वयस्क माणसाचं नाव सांगितलं, जे हे काम करतात. पुढं मी त्यांच्याकडं तीन वेळा गेलो. एस.टी.नं जायचो, गावात सांगायचो की दाताचं काम आहे. तिथं काय बोललो ते मी लिहिणार नाही, ते माझं आहे. एक सांगतो, त्यांनी पहिल्या दिवशीच विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का, आणि गरज वाटली तर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरकडं पाठवीन, ते काम माझं नाही, असं सरळ सांगितलं. पोरगीपण हेच म्हणते. आपल्या हद्दीच्या पुढचं दिसलं की पुढच्याकडं पाठवायचं. आता तिनं आमच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, औषधाच्या डब्यांशेजारी, १४४१६ हा सरकारी फोन नंबर लिहून चिकटवलाय. टेली-मानसचा. फुकट आहे, मराठीत बोलतात. दुकानदार आधी कुरकुरला, धंद्याला अपशकुन म्हणाला. मग त्यानंच चिकटपट्टी दिली.

पण त्या रात्रीचं राहिलं.

आम्ही कठड्यावर बसून होतो. ईयोबाचे तिघे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, असं शास्त्रात आहे. पुढं ते बोलायला लागले आणि तिथून बिघडलं. हे मी कितीतरी वेळा देवळात वाचून दाखवलंय. प्रत्येक वेळी ते सात दिवस मी एका दमात वाचून पुढं जायचो, कारण पुढं बोलणं होतं.

पुष्कळ वेळानं तिनं एकच विचारलं. "तंबाखू होती का तुमच्याजवळ?"

"होती. खिशात."

ती पुन्हा बोलली नाही. माझ्या अंगावरचं उपरणं घसरलं होतं ते तिनं वर केलं. साडेअकराला लाइट आली. मी मोटर चालू करायला उठलो, तर तीपण उठली. बॅटरी तिनं धरली, दारं मी धरली. पहाटेपर्यंत कांद्याचे सगळे वाफे भरले.