वाफसा

माघ उतरायला लागला की आमच्या मागच्या अंगणातला देशी बदाम तांबडा होतो. पान तळहाताहून मोठं, चामड्यासारखं जाड. पडताना आवाज करतं. पुण्यात या दिवसांत सकाळी सगळीकडे खराट्यांचे आवाज येतात आणि नऊच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात ढीग पेटतो. दंवानं ओलावलेल्या पानांचा तो धूर पिवळट असतो, घशाला झोंबतो. मला मात्र त्या धुरात काहीतरी मोलाचं उडून जाताना दिसतं आणि जीव कळवळतो.

याला कारण माझी आजी. कोकणात भाताच्या राबासाठी पातेरा जाळतात, तिनंही जाळला असेल. पण माडाच्या आळ्यातल्या पातेऱ्याला काडी लावायची कुणाची छाती नव्हती. आळ्यात ती नारळाची सोडणं पालथी मांडायची, त्यावर झावळ्या, त्यावर फणसा-आंब्याचा पातेरा. ऐन वैशाखात, पाय भाजत असताना, एक सोडण उचलून म्हणायची, "घाल हात." खाली माती गार. पांढऱ्या बुरशीचे धागे, एखादा गांडूळ, आणि माडाची कोवळी मुळं वर आलेली. "वाफसा आहे बघ," एवढंच ती म्हणायची.

वाफसा हा शब्द मला फार आवडतो. चिखल नाही, ढेकूळ नाही. ओल आहे आणि त्या ओलीत हवाही खेळते आहे, अशी मातीची अवस्था. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं ढकलला की फुटावा. शेतकरी पेरणीसाठी वाफशाची वाट बघतो. बागेची सगळी निगा म्हणजे हा वाफसा बारा महिने टिकवण्याची धडपड आहे, असं आता मला वाटतं.

म्हणून माघ-फाल्गुनातला पाचोळा मी पोत्यांत भरून ठेवते. निम्मा आच्छादनाला, निम्मा खताला. खताचा ढीग लावताना अंदाजानं चार घमेली पाचोळ्यावर एक घमेलं भाजीची देठं-सालं, वर शेणकाला. पाचोळ्यात कर्ब जास्त, ओल्या कचऱ्यात नत्र जास्त. तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असलं की जिवाणूंचं पोट नीट भरतं. चार-पाच दिवसांनी ढिगात लोखंडी गज खुपसून ठेवायचा आणि थोड्या वेळानं ओढून काढायचा. ढीग जमला असेल तर गज हातात धरवत नाही. आत साठ अंशांच्या आसपास ऊब असते, आणि ती केवळ डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या जेवणाची! घाण वास आला तर समजावं की आत हवा नाही. ढीग उलथावा, कोरडी पानं वाढवावीत. बदामाचं पान चिवट, ते आधी पायांखाली चुरडून घ्यावं लागतं.

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुशाला आला, १९२४ पासून सात वर्षं इंदूरला राहिला. शेतकरी आणि कीड यांनाच त्यानं गुरू मानलं. पालापाचोळा, शेण, मूत्रमाती यांचे थर लावून तीनेक महिन्यांत खत पिकवायची त्याची रीत जगात इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. आपल्या उकिरड्याचं मोल जगाला त्यानं सांगितलं, आणि आपण मात्र शहरात येऊन पाचोळ्याला कचरा म्हणायला लागलो, याचं मला वाईट वाटतं.

आच्छादन सरसकट चांगलं, असंही नाही. एका आषाढात मी जुन्या मोगऱ्याच्या खोडाशी पाचोळा दाबून बसवला होता. वरून झड लागलेली. श्रावणात पानं पिवळी पडली तेव्हा पाचोळा सारून पाहिलं, तर खोडाची साल बोटाला चिकटून सोलून आली. आईनं लावलेलं झाड होतं ते. तेव्हापासून खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवते, मृगाच्या आधी आच्छादन विरळ करते, तेव्हाच पिकलेलं खत चाळून घालते. पावसाळ्यात जाड थराखाली गोगलगायी दडतात, तेही बघावं लागतं. दसऱ्यानंतर, पाऊस परतला की थर पुन्हा वाढवायचा. थंडीत बेताचा, उन्हाळ्यात चांगला वीतभर.

खत पिकलं हे नाकाला कळतं. मूठ नाकाशी नेली की पहिल्या पावसाचा वास येतो. तो निव्वळ भास नव्हे. मातीला तो गंध देणारे जिवाणू या ढिगातही राबत असतात. बदामाचं तांबडं पान, दुधीची सालं, देवाची फुलं यांतलं काही ओळखू येत नाही; सगळं काळं, भुसभुशीत, गार.

यंदा तुमच्या दारी पानगळ सुरू झाली की काडी लावू नका, लावू देऊ नका. निदान एक पोतं भरून सावलीत ठेवा. वैशाखात ते कुंडीत पसरा, आणि आठ दिवसांनी पानं बाजूला सारून मातीला हात लावून बघा.