लिपि तर आपलीच!

नेपाळांतील एका डोंगरी शाळेंत दीड महिना विनावेतन शिकविण्याकरितां आम्ही जाणार, ही बातमी मित्रमंडळींत पसरली तेव्हां एका स्पष्टवक्त्या स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें, "अहो, तुम्हांला नेपाळी येत नाहीं. तेथें जाऊन तुम्ही शिकविणार तरी काय?" आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें उत्तर दिलें, "त्यांत काय मोठेंसें! लिपि तर आपलीच आहे." हें उत्तर आम्हांस इतकें समर्पक वाटलें कीं, पुढें चारचौघांत आम्हीं तें आणखी दोनतीनदां वापरलें. तें किती पोकळ होतें हें सात वर्षांच्या एका मुलीनें आम्हांस दाखवून दिलें. तीच हकीकत आज वाचकांपुढें मांडावयाची आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरांत, तिकडे ज्या दिवाळीस तिहार म्हणतात ती आटोपल्यावर, आम्ही काठमांडूस उतरलों. सेवानिवृत्त होऊन आम्हांस दोन वर्षें झालीं होतीं. चौतीस वर्षांच्या नोकरींतील पहिलीं दोन वर्षें मेळघाटांतील एका प्राथमिक शाळेंत गेलीं आणि बाकीचीं पुण्याच्या एका हायस्कुलांत मराठी शिकविण्यांत. हाताशीं वेळ होता, प्रकृति धड होती. आणि खरें सांगावयाचें तर, आपण अजून कोणाच्या तरी उपयोगी पडूं शकतों हें स्वतःला पटवून घेण्याची निकडहि होती. परोपकाराच्या पोटीं थोडाबहुत स्वार्थ असतोच; आमच्या परोपकाराच्या पोटीं तो भरपूर होता.

काठमांडूहून रसुवा जिल्ह्याकडे जाणारी बस त्रिशूली नदीच्या खोऱ्यानें चढत जाते. एका बाजूस दरी, दुसऱ्या बाजूस पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें, आणि मध्यें आमचा जीव मुठींत. भीति विसरण्यासाठीं आम्हीं दुकानांवरील पाट्या वाचण्याचा सपाटा लावला. 'पसल' म्हणजे दुकान एवढें कळल्यावर 'चिया पसल' आणि 'कपडा पसल' यांचा उलगडा आपोआप झाला. आमचा उत्साह वाढला. इतक्यांत एका सरकारी कचेरीवर 'शिक्षा शाखा' अशी पाटी दिसली आणि आम्हांस हंसूं आवरेना. शिक्षा म्हणजे शिक्षण हा अर्थ हिंदीमुळें आम्हांस ठाऊक नव्हता असें नाहीं. पण मराठी मनाला पहिला धक्का बसतो तो आपल्याच अर्थाचा. शिक्षा करण्यासाठीं स्वतंत्र खातें उघडणारें सरकार आम्हांस मोठें शिस्तप्रिय वाटलें. त्या वेळीं ती नुसती गंमत होती.

शाळा गांवाच्या वरच्या अंगास एका सपाटीवर होती. सहा खोल्या, वर पत्रा, समोर फरसबंद अंगण आणि अंगणापलीकडे, आकाश निवळलें तर, बर्फाचीं शिखरें. जुनी दगडी इमारत भूकंपांत बसली होती. २५ एप्रिल २०१५ च्या त्या भूकंपांत नेपाळांत सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं व हजारों शाळाखोल्या कोसळल्या. धक्का बसला तेव्हां बारा वाजावयास थोडींच मिनिटें होतीं. एरवीं मुलें वर्गांत असावयाचीं. परंतु तो शनिवार होता, आणि तेथें शाळांना साप्ताहिक सुट्टी असे ती शनिवारचीच. मुख्याध्यापक हा प्रसंग सांगतांना 'शनिवार' या शब्दाशीं थांबून हात जोडीत. आम्ही मात्र पहिल्याच रविवारीं उशिरां उठून शाळेंत उशिरां पोंचलों व हंशास कारण झालों.

आमची राहण्याची सोय एका म्हाताऱ्या तामांग बाईंकडे होती. त्यांनीं पहिल्या रात्रीं 'कोदो'च्या पिठाचा ढिंडो वाढला. कोदो म्हणजे आपला कोद्रा अशा समजुतीनें आम्हीं घांस घेतला, तों जिभेनें ओळखलें, ही तर नाचणी! नेपाळींत नाचणीलाच कोदो म्हणतात. शब्द ओळखीचा आणि वस्तु निराळी, हा अनुभव पुढें रोजचाच झाला.

मुख्याध्यापकांची आमच्याकडून एकच अपेक्षा होती: इंग्रजी शिकवा. पालकांची मागणी तीच होती. ज्या घरांना ऐपत होती तीं मुलांना खालच्या बाजारपेठेंतील खाजगी इंग्रजी शाळेंत धाडीत, आणि या शाळेचा पट दरसाल घटे. आमच्या आधीं येऊन गेलेल्या पाहुण्यांनींहि इंग्रजीच शिकविलें होतें. त्यांपैकीं कोणी शिकविलेलें, पावसाला परत जावयास सांगणारें एक बालगीत मुलांना तोंडपाठ होतें. त्याचा अर्थ आम्हीं आमच्या घरधनीणबाईंस सांगितला तेव्हां त्या दचकल्या. ज्यांचा मका पावसावर पिकतो त्यांच्या नातवंडांनीं अंगणांत उभें राहून पावसाला हांकलावें, हें त्यांना मुळींच रुचलें नाहीं.

इंग्रजीचा तास झाला कीं आम्ही दुसरीच्या वर्गाचें नेपाळी वाचन ऐकत असूं. हें तरी आपणांस येतें, अशी आमची समजूत होती. 'झ'चें वळण काय तें निराळें. बाकी अक्षर न् अक्षर ओळखीचें. त्या वर्गांत सात वर्षांची एक मुलगी होती. ती इतकें स्वच्छ वाची कीं ऐकत राहावें. जोडाक्षर अडखळत नव्हतें, काना-मात्रा गळत नव्हती. आयुष्यभर वाचनस्पर्धांचे परीक्षक राहिलेले आम्ही. आम्हांस राहवलें नाहीं. दहाव्या दिवशीं साऱ्या वर्गासमोर आम्हीं तिला एक नवी कंपासपेटी बक्षीस दिली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

दाराशीं बालवर्गाच्या बाई उभ्या होत्या. बावीस-तेवीस वर्षांच्या, त्याच गांवच्या, स्वतः तामांग. पगार शाळेंत सर्वांत कमी आणि मुलें सर्वांत लहान. त्या मोडक्या हिंदींत अदबीनें म्हणाल्या, "सर, हाच धडा आपणहि एकदां वाचून दाखवावा." आम्हीं खणखणीत आवाजांत वाचून दाखविला. त्यांनीं वाचनाची वाखाणणी केली आणि विचारलें, "आतां अर्थ सांगावा." आम्ही चांचरलों. नदी, माणूस, एक झाड कीं रोप, एवढें सुटें सुटें हातीं लागलें होतें. गोष्ट कांहीं हातीं लागली नव्हती. बाईंनीं मग त्या मुलीला जवळ घेतलें आणि तामांग भाषेंत तोच प्रश्न विचारला. मुलगी कंपासपेटी छातीशीं धरून आपल्या पावलांकडे पाहत राहिली. बाई म्हणाल्या, "ती आपल्यासारखीच वाचते, सर."

त्यांच्या बोलण्यांत कुचेष्टा नव्हती. म्हणूनच तें अधिक लागलें.

पुढें त्यांनीं जें समजावून सांगितलें तें ऐकतांना आमच्या डोक्यांत हळूहळू प्रकाश पडला. नेपाळी ही मराठीप्रमाणें संस्कृताच्या कुळांतली. तामांग ही तिबेटी-बर्मी कुळांतली. घराला तामांगांत 'दिम' म्हणतात, आणि 'सोम' म्हणजे सोमवार नव्हे, चंद्रहि नव्हे. सोम म्हणजे तीन. म्हणजे दूर पुण्याहून आलेल्या आम्हांला नेपाळी भाषा जितकी जवळची, तितकी ती नेपाळांत जन्मलेल्या त्या मुलीला नव्हती! तिच्या घरीं, शेतावर, शेळ्यांमागें, आजीच्या कुशींत एक भाषा. आणि उंबरठा ओलांडून शाळेंत आली कीं दुसरी. त्या दुसरींत ती नीट पाय रोंवते न रोंवते तोंच आम्ही तिसरी घेऊन उभे. तिनें अक्षरांचा नाद पकडला आणि अर्थाची वाट पाहणें सोडून दिलें. बक्षिसें नादालाच मिळतात, हेंहि तिला आम्हींच शिकविलें.

ही गोष्ट एका गांवाची नाहीं. २०२१ च्या शिरगणतींत नेपाळांत १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या आणि नेपाळी ही ज्यांची मातृभाषा आहे अशांचें प्रमाण निम्म्याहून कमी भरलें. त्या देशांतील पहिली आधुनिक शाळा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जंगबहादुर राणांनीं काढली ती आपल्या घराण्यांतील मुलांसाठीं, आणि तेथें शिकविलें इंग्रजी. १९५१ त राणाशाही गेली आणि शाळा खेड्यापाड्यांत पोंचूं लागल्या. १९७१ च्या शिक्षणयोजनेनें साऱ्या देशास एक अभ्यासक्रम दिला व नेपाळीचें वर्चस्व पक्कें केलें. २०१५ च्या राज्यघटनेनें मात्र प्रत्येक समाजाला आपल्या मातृभाषेंत शिक्षण घेण्याचा हक्क दिला आहे. हक्क कागदावर उतरला; परंतु आमच्या शाळेंत दुसरीच्या मुलांच्या हातीं तामांग पुस्तक नव्हतें, आणि बालवर्गाच्या बाई मुलांना त्यांच्या भाषेंत गोष्टी सांगत त्या दार लोटून घेऊन, हळू आवाजांत.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. थंडी होतीच, पण कारण तें नव्हे. आमच्या डोळ्यांपुढें मेळघाटांतील आमचा पहिला वर्ग उभा राहिला. आम्ही तेव्हां चोवीस वर्षांचे, मराठीचे अभिमानी, उच्चारांबाबत कडक. वर्गांत एक कोरकू मुलगा होता. कोरकू भाषा मराठीच्या कुळांतली नाहीं, तिचें गोत्र संथाळी-मुंडारीशीं जुळतें, हें आम्हांस माहीतहि होतें, परीक्षेपुरतें. तो मुलगा प्रश्न विचारला कीं गप्प राही. हें गप्प राहणें उद्धटपणाचें आहे असें आम्हीं ठरविलें. पाण्याचे उपयोग विचारले असतां तो गप्प राहिला त्या दिवशीं आम्हीं त्याच्या तळहातावर तीन छड्या मारल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेंत परत आला नाहीं. हजेरीपटावर त्याच्या नांवासमोर आम्हीं महिनाभर गैरहजेरीची खूण केली आणि मग नांव कमी केलें. त्रिशूलीच्या वाटेवर 'शिक्षा' या शब्दाला आम्ही हंसलों होतों. त्या मुलाला एका अर्थाची शिक्षा हवी होती. आम्हीं त्याला दुसऱ्या अर्थाची दिली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मुख्याध्यापकांची परवानगी मागितली: सकाळचा तास इंग्रजीचा, दुपारचा बालवर्गाच्या बाईंचा, आणि त्या तासाला आम्ही त्यांचे कारकून. त्यांनीं जरा विचार करून होकार दिला. बाजारांतून मोठ्या कागदाचे ताव आणवले. मुलांनीं घरून गोष्टी आणावयाच्या, तामांग भाषेंत सांगावयाच्या, बाईंनीं त्या ठरवून घ्यावयाच्या आणि आम्हीं देवनागरींत मोठ्या अक्षरांनीं उतरून काढावयाच्या. लिपि तर आपलीच होती! पण आमच्या कानांना त्या भाषेंतील चढउतार उमगत नसत. आम्ही भलताच शब्द लिहीत असूं आणि वाचतांना वर्ग खदखदा हंसे. पहिल्या दिवशीं आम्हांस थोडा राग आला. मग ध्यानांत आलें कीं, या शाळेंत वाचतांना हंसणारीं मुलें आम्ही प्रथमच पाहत आहों. चूक कळल्याशिवाय हंसूं येत नाहीं, आणि अर्थ कळल्याशिवाय चूक कळत नाहीं. ती कंपासपेटीवाली मुलगी तर आमच्या हातचा खडू घेऊन फळ्यावर शब्द दुरुस्त करून देऊं लागली.

सर्वांनाच हें आवडलें असें नाहीं. कतारमध्यें पांच वर्षें मजुरी करून आलेले एक पालक एके दिवशीं शाळेंत आले. शांतपणें म्हणाले, "मास्तर, तामांग आमच्या घरीं फुकट मिळते. तिच्यासाठीं एवढ्या लांबून माणूस कशाला हवा? तेथें ज्यांना इंग्रजी येत होतें ते सावलींत बसत. मी उन्हांत उभा होतों." आमच्यापाशीं याला उत्तर नव्हतें, आणि आजहि पुरतें नाहीं. ज्याची पाठ उन्हांत भाजली त्याला मातृभाषेचें महत्त्व पटवून देणें सावलींत बसून पेन्शन घेणाऱ्यास शोभत नाहीं. बाईंनीं मात्र उत्तर दिलें. त्या म्हणाल्या, "दाजू, आधीं गोष्ट कळूं दे. वाचलेलें कळतें हें एकदां समजलें कीं पोरगा कोणतीहि भाषा सोडणार नाहीं." त्यांचें समाधान झालें नाहीं. पण दोन दिवसांनीं त्यांचा मुलगा एक गोष्ट घेऊन आला, आणि ती बापानें सांगितलेली होती.

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही निघालों तेव्हां गळ्यांत पांढरा खादा पडला, नमस्कार झाले. भिंतीवर एकोणीस ताव होते. एवढ्यानें शाळा बदलली असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पावसाळ्याच्या ओलींत ते ताव टिकले असतील कीं नाहीं, कोण जाणे. निरोप घेतांना बाईंनीं विचारलें, "फाल्गुनांत दुसरे पाहुणे यावयाचे आहेत. त्यांना काय शिकवावयास सांगूं?" आम्हीं म्हटलें, "त्यांना आधीं तो धडा वाचावयास लावा, आणि मग अर्थ विचारा." त्या हंसल्या.

आम्ही शिकवावयास गेलों होतों हें खरें. हिशेब मांडला तर देण्यापेक्षां घेणेंच अधिक निघतें. परंतु त्या घेण्याचें समाधान आम्हांस निर्भेळ लाभत नाहीं. तो कोरकू मुलगा आतां पन्नाशीच्या घरांत असेल. आपल्याच घटनेंत १९५६ सालीं दुरुस्ती होऊन अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळण्याची सोय करावी असें कलम आलें. तें त्याला छडी बसली त्यापूर्वीं पंचवीसहून अधिक वर्षें. पाण्याचे उपयोग आम्हीं त्याला विचारले होते. त्याच्या भाषेंत पाण्याला काय म्हणतात, हें मात्र आम्हीं त्याला विचारलें नाहीं.