भिंगात न मावलेले गाव

प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे यावर आमच्या घरात नेहमीच मतभेद होतात. पण चिवडा, शाल आणि औषधांची डबी यांच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. गेल्या मार्चमध्ये मात्र वाद झाला तो कॅमेऱ्याच्या भिंगावरून, आणि त्यात मी जिंकलो. म्हणूनच ही हकिकत सांगावी लागते आहे.

चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी वेड लागते. माझ्या सहकाऱ्यांपैकी कुणाला होमिओपॅथीचे लागले, कुणाला जमिनीच्या तुकड्याचे. मला पाखरांचे लागले. कॅमेरा घेतला तेव्हा त्याच्यासोबत १८-५५ मिलिमीटरची एक चिमुकली लेन्स आली. पुढे दोन वर्षे विद्यापीठाचे पेपर तपासून जे मानधन साठले, त्यातून ७०-३०० ची घेतली. एवढ्यावर सुखी राहायला हरकत नव्हती. पण भिगवणला जायचे ठरले आणि मनात सहाशेची हाव शिरली.

हे आकडे म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे आपल्या पुस्तकातले नाभीय अंतर, जितके जास्त तितके दूरचे पाखरू मोठे दिसते. तीनशेत दिसणारे सहाशेत दुप्पट. पण त्याच हिशेबाने भोवतालचे दृश्य निम्म्याने आखडते. शिवाय लांब लेन्सला उजेड पुरेसा हवा, तर काचही रुंद लागते. सहाशेच्या लेन्सचे छिद्र ४ आकड्याचे हवे असेल, तर ते १५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या वरणभाताच्या ताटलीएवढे होते! अशी लेन्स तीन किलोंच्या वर जाते आणि तिची किंमत बायकोसमोर उच्चारण्याजोगी नसते. म्हणून आमच्यासारखे लोक ६.३ वर समाधान मानतात. त्याला साडेनऊ सेंटिमीटर पुरतात, आणि वजन दोन किलोंच्या आसपास राहते.

अशी १५०-६०० ची लेन्स मी पुण्यातल्या एका दुकानातून दोन दिवसांच्या भाड्याने आणली. (ज्यांना ती विकत घ्यायची आहे त्यांना माझा सल्ला : आधी भाड्याने आणा, आणि दोन तास गळ्यात अडकवून पाहा. पुष्कळांची हौस मानेतच उतरते.)

सौ.ने ती टेबलावर पाहिली आणि विचारले, "अहो, पाखरं बघायला निघालोय की मारायला?"

"पाखरं लांब असतात," मी म्हणालो.

"आणि आम्ही?"

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केले. पिशवीचे ओझे कमी करावे म्हणून दोन्ही लहान लेन्स कपाटात ठेवल्या.

बरोबर माझे सासरे होते. त्यांना आम्ही सारे अण्णाच म्हणतो. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांचे मूळ गाव भीमेच्या काठी. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि काठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली, त्यांत तेही गेले. भिगवणचे नाव काढताच ते म्हणाले होते, "जावईबापू, आमच्यावरनंच जाणार की तुम्ही! मलाबी न्या." आमच्यावरनं म्हणजे त्यांच्या घरावरून, हे मला तेव्हा नीटसे उमगले नाही.

पहाटे चारला पुणे सोडले. सोलापूर रस्त्याने शंभरएक किलोमीटर गेले की भिगवण, आणि तिथून आत वळले की कुंभारगाव. किनाऱ्यावर होड्या तयार असतात. चालवणारे इथलेच मच्छीमार. पूर्वी नुसते जाळे टाकणारी ही मंडळी आज राखी बगळा कोणता, चित्रबलाक कोणता, हे बोट दाखवून सांगतात. अण्णांना त्यांनी नारिंगी जाकीट चढवले. धोतरावर ते जाकीट घालून अण्णा होडीच्या मधोमध, मांडवात वरबापाने बसावे तसे ऐटीत बसले.

उजाडता उजाडता समोर रोहित दिसले. शेकडो असतील. चोच उलटी करून पाण्यातला खाऊ गाळत सगळा थवा सावकाश पुढे सरकत होता. नावाडी सूर्य आमच्या पाठीशी राहील अशा बेताने वळला, मग इंजिन बंद करून त्याने बांबू हातात घेतला. "गप बसा, सर," तो म्हणाला. "आपण गेलो तर ती उठत्यात. आपण थांबलो तर आपसूक जवळ येत्यात." पलीकडच्या एका होडीतल्या हौशी मंडळींनी घाई केली आणि त्यांच्या पुढ्यातला थवा पाण्यावरून धावत धावत उडून गेला. इतके मोठे पाखरू धावल्याशिवाय उडू शकत नाही. त्यांच्या हाती पाठमोऱ्या शेपट्या आल्या.

आमच्याकडे पाखरे खरेच आली. तिवई होडीत कुचकामाची, कारण होडीच डुलते. म्हणून मी कोपर गुडघ्यावर टेकवले, सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग लावला आणि मनसोक्त फोटो काढले. रोहिताचा पिवळसर डोळा, गुलाबी चोचीचे काळे टोक, मानेवरून ओघळणारा थेंब! दोन किलोंचे सार्थक झाले असे वाटले.

परतताना अण्णा एकाएकी म्हणाले, "हितं थांबव रं."

नावाड्याने होडी थांबवली. चहूकडे नुसते पाणी. अण्णांनी डाव्या हाताचा टेकडीचा उतार पाहिला, पलीकडचा दिक्सळचा जुना पूल पाहिला, मनाशी काही मोजले आणि म्हणाले, "हितं आमची चिंच. तिच्या खाली ओटा, आन् मागं घर." मग वाकून त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, डोळ्यांना लावले आणि परत सोडले. सौ. दुसरीकडे पाहू लागली.

"जावईबापू, एक फोटो काढा माझा. मागं पाणी दिसू द्या."

मी लेन्स उचलली. दीडशेवर आणली. समोर नुसते नारिंगी, तेही धुरकट. ही लेन्स अडीच-तीन मीटरच्या आतले काही स्पष्ट दाखवतच नाही, आणि अण्णा माझ्यापासून हातभर अंतरावर! मी मागे सरकत सरकत होडीच्या अगदी टोकाला गेलो. नावाडी ओरडला, "सर, पडाल!" तिथून अण्णा स्पष्ट झाले, पण मावला फक्त चेहरा. पाणी नाही, टेकडी नाही, पूल नाही. अण्णा आपले ताठ बसून वाट पाहत होते.

सौ.ने काही न बोलता पिशवीतून आपला मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

घरी आल्यावर मी रोहितांचे फोटो मोठ्या पडद्यावर लावले. अण्णांनी कौतुकाने पाहिले आणि विचारले, "झ्याक हाय. पर हे कुठलं?"

"आपल्या उजनीचंच की, अण्णा."

"आसंल," ते म्हणाले. "ह्यात वळखायला काय न्हाई."

त्यांचे खरे होते. माझ्या चित्रात पाखरू होते, पण गाव नव्हते. आता मी ठरवले आहे, मोठी लेन्स हवीच असेल तर एका दिवसापुरती भाड्याने आणायची. एरवी प्रवासात ७०-३०० गळ्यात, आणि ती दोनशे ग्रॅमची चिमुकली १८-५५ कायम खिशात.

सौ.ने काढलेला फोटो चौकटीत घालून अण्णांच्या खोलीत लावला आहे. मधे नारिंगी जाकिटातले अण्णा, मागे टेकडी, पूल आणि त्यांच्या घरावरचे पाणी. अगदी दूर एक बारीक गुलाबी रेघ आहे. ते माझे रोहित.

उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवच्या बुडालेल्या देवळाचे शिखर वर येते. ते पाहायला येत्या मे महिन्यात अण्णांना जायचे आहे. पिशवी भरायचे काम या वेळी सौ.कडे दिले आहे.