करंजाच्या खाडीत गळ टाकून

इंग्लंडात ट्राउट पकडणारे हौशी लोक गळाला पिसांची नकली माशी बांधतात. आमच्या उरणला जिताड्यासाठी जिवंत कोळंबी लावतात. मुंबईहून यायचे तर भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच घ्यावी, पुढे करंजा. भरती चढू लागली की लहान मासळी तिवरांच्या मुळांत शिरते, तिच्यामागे जिताडा येतो. गळ त्या कडेलाच टाकायचा आणि गप्प बसायचे. शेजारचे चाचा तासभर शब्द काढत नाहीत. वर्गात सब्र शिकवताना मला तेच आठवतात.

जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. मोठा मासा म्हणजे बहुधा अंडी देणारी मादी. "चाचा, मोठा लागला तर सोडाल?" विचारले, तर हसले. "सर, मोठा लागतोय कुठे आता?"

खरेच आहे. भराव पडले, तिवरे तुटली, खाड्या आखडल्या. बंदराच्या विस्तारात रोजी गेलेल्या इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई द्या, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला. पैसा मिळाला तरी खाडी रुंद होत नाही.

त्या दिवशी चाचांच्या पिशवीत दोन शिंगाळ्या होत्या.